चॉक रिव्हरच्या टाकीला ठिगळ कसं लावलं

डीप रिव्हर, ऑन्टारियो
२२ ऑगस्ट २०१०

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. काकूंचा बोन स्कॅन दोनदा पुढे गेला हे वाचून वाईट वाटलं. त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी तुमचा प्रश्न: एका टाकीला भोक पडलं, ते बुजवायला पंधरा महिने का लागावेत? आयुष्यभर फॅब्रिकेशन केलेल्या माणसाला हे पटणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बोन स्कॅनसाठी टोचतात ते औषध ज्यातून निघतं, ते मॉलिब्डेनम-९९ इथे चॉक रिव्हरच्या एनआरयू या अणुभट्टीत बनतं. ही भट्टी १९५७ सालची. तिची टाकी, जिला इथे वेसल म्हणतात, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहे. व्यास साडेतीन मीटर, उंची त्याहून थोडी जास्त, भिंत फक्त ८ मिलिमीटर. आत जड पाणी (ज्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो असं पाणी) आणि इंधनाच्या कांड्या. भिंतीबाहेर एक अरुंद पोकळी आणि त्यापलीकडे साध्या पाण्याचं वेष्टण. ही टाकी मूळची नाही. पहिली गंजली म्हणून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काढून ही दुसरी बसवली होती, म्हणजे हीसुद्धा आता पस्तीसच्या पुढची.

मे २००९ मध्ये वीज गेली आणि भट्टी बंद झाली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की जड पाणी गळतंय, ताशी सुमारे ५ किलो. आकडा छोटा वाटतो, पण जड पाणी महाग आणि त्यात ट्रिटियम हा किरणोत्सर्गी हायड्रोजन असतो, त्यामुळे गळेल तेवढं गोळा करून पिंपांत भरावं लागतं. भोक भिंतीच्या पायथ्याशी, बाहेरच्या बाजूने पडलेलं. कारण असं, की त्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड भरून ठेवायचा असतो, पण वर्षानुवर्षं हवा आणि ओल आत शिरत राहिली. हवेतला नायट्रोजन आणि ओलावा यांच्यावर किरणोत्सर्ग पडला की नायट्रिक ॲसिड तयार होतं. ते खाली उतरतं, पायथ्याशी साचतं आणि ॲल्युमिनियम खातं. आतून भिंत छान दिसत असताना बाहेरून ती झिजत होती.

बाहेरच्या पोकळीत हत्यार जायला जागा नाही, म्हणून काम आतूनच करायचं. आत जायची वाट म्हणजे वरच्या झाकणातली भोकं, प्रत्येकाचा व्यास १२ सेंटिमीटर, तांब्याच्या तोंडाएवढा. तिथून भिंतीचा पायथा ९ मीटर खाली. माणूस आत उतरू शकत नाही. म्हणजे वेल्डिंगची टॉर्च, कॅमेरा, दिवा, गॅसची नळी, वायर फीडर हे सगळं एका सरळ दांड्यात बसवून खाली सोडायचं, तळाशी गेल्यावर हाताला कोपरात वाकवायचं, मग तो भिंतीपर्यंत लांबवायचा. टोकाशी अर्धा मिलिमीटर हलला तरी आर्कची, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या ज्योतीची, लांबी बदलते. असं तयार हत्यार बाजारात मिळत नाही. तपासणीचं वेगळं, घासायचं वेगळं, बुरा ओढून घ्यायचं वेगळं, वेल्डिंगचं वेगळं, एकेक घडवावं लागलं. किरणोत्सर्गात कॅमेऱ्याची काच काळवंडते, इलेक्ट्रॉनिक्स मरतं, म्हणून जास्तीचे जोड हाताशी ठेवायचे.

त्याआधी सगळं इंधन काढलं, जड पाणी उपसलं, टाकी कोरडी केली. मग भिंतीचा खालचा सगळा घेर अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरी) आणि एडी करंटने (धातूत उठवलेल्या विजेच्या भोवऱ्यांनी) तपासला. माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचं काम हेच झालं. गळणारं एक भोक बुजवून भट्टी चालू केली असती, तर थोड्याच दिवसांत शेजारचं फुटलं असतं. भिंत बऱ्याच ठिकाणी पातळ झालेली निघाली आणि शेवटी दुरुस्तीच्या दहा जागा ठरल्या.

आता तुमच्या आवडीचा भाग, आर्गन वेल्डिंग. ॲल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास वितळतं, त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजारांच्या वर. तो पापुद्रा आधी नीट काढला नाही तर खालचा धातू पाणी होतो आणि वरची साय तशीच राहते, बीड (वेल्डच्या धातूची ओळ) चिकटतच नाही. ओल राहिली तर हायड्रोजन धातूत शिरतो आणि बीडमध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. तुमच्या टेबलावर ब्रश मारून, पुसून, लगेच टाका मारता येतो. इथे ब्रशसुद्धा नऊ मीटर लांब. शिवाय इतकी वर्षं न्यूट्रॉन खाल्लेल्या ॲल्युमिनियमच्या काही अणूंचं सिलिकॉन झालेलं असतं. धातू कडक होतो आणि न तडकता ताणलं जायची त्याची क्षमता कमी होते.

दोन पद्धती वापरल्या. भिंत पुरेशी जाड असेल तिथे थरावर थर चढवून ती भरून काढायची. फार पातळ असेल तिथे आर्क लावला की पलीकडे भोक पडणार. तिथे टाकीच्या गोलाईत बसेल अशी पट्टी ठेवायची आणि तिच्या कडा निरोगी धातूवर वेल्ड करायच्या. पट्टी आणि भिंत यांच्यात फट राहिली तर मुळात पकड बसत नाही, म्हणून त्या जागेची मापं आधी घेऊनच पट्टी बनवायची.

पण खरी डोकेदुखी आकसण्याची. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. बीड थंड होताना भिंतीला ओढते. भिंत जिथे तळाला जोडली आहे त्या कोपऱ्यात तिला हलायला जागा नाही, मग ताण तिथेच साठतो आणि चीर पडू शकते. लांब आडवी बीड मारली तर ओढ जास्त, म्हणून काही ठिकाणी उभ्या पट्ट्या आणि थर यांची सांगड घातली. कोणती बीड आधी, कोणती नंतर, मध्ये किती थंड होऊ द्यायचं, हे प्रत्येक जागेसाठी वेगळं ठरलं. आधी गणित, मग हुबेहूब नमुन्यावर तालीम, तो वेल्ड कापून तपासायचा, मग नियामकांची मंजुरी, आणि तेव्हा कुठे खऱ्या टाकीत पहिला आर्क. प्रत्यक्ष वेल्डिंग डिसेंबरमध्ये सुरू झालं. म्हणजे पहिले सात महिने तयारीतच गेले. बाहेरच्यांनी याला दिरंगाई म्हटलं. मला हे मान्य नाही. चुकलेला वेल्ड घासून परत मारायची सोय इथे फार थोडी, आणि प्रत्येक वेळी गरम केलं की ताण वाढतो.

वेल्ड झाल्यावर प्रत्येक जागा पुन्हा तपासली, बुरा ओढून घेतला, जड पाणी भरलं, इंधन भरलं. आधी कमी शक्तीवर चाचण्या झाल्या आणि १७ ऑगस्टला भट्टी पूर्ववत चालू झाली. हे वेल्ड आता दर वर्षी भट्टी बंद ठेवून पाहायचे आहेत.

नवी भट्टी का नाही, असंही तुम्ही विचारलंत. इथेच मेपल नावाच्या दोन भट्ट्या बांधून झाल्या होत्या. शक्ती वाढली की त्यांची प्रतिक्रिया मंदावायला हवी होती, ती उलट वाढत होती. गणिताशी मेळ बसेना, म्हणून मे २००८ मध्ये दोन्ही सोडून दिल्या. त्यामुळे जगाचं बहुतेक मॉलिब्डेनम-९९ पाच म्हाताऱ्या भट्ट्यांवर आहे: ही, हॉलंडमधली पेटेन आणि बेल्जियमची बीआर-२ (दोन्ही १९६१), दक्षिण आफ्रिकेची सफारी (१९६५), फ्रान्सची ओसिरिस (१९६६). त्यात पेटेनही फेब्रुवारीपासून गंजलेल्या पाइपांपायी बंद आहे. चाळीस-पन्नास वर्षांच्या यंत्रांवर एवढ्या रोग्यांचा भार टाकून सगळे देश निवांत बसले, याचा मला मनापासून राग येतो. आपल्या ट्रॉम्बेची सायरस भट्टीसुद्धा इथल्याच एनआरएक्स या जुन्या भट्टीच्या धर्तीवर बांधलेली, आणि तीही या वर्षअखेरीस बंद होणार आहे.

साठा करून ठेवता येत नाही, ही यातली मोठी अडचण. मॉलिब्डेनमचं अर्धायुष्य ६६ तास, म्हणजे आठवड्याने सतरा टक्केच उरतं. स्कॅनसाठी टोचतात ते टेक्नेशियम त्यातूनच निघतं, आणि ते दर सहा तासांनी निम्मं होतं.

म्हणून काकूंसाठी सांगतो. दवाखान्यात विचारा की जनरेटर (ज्यातल्या मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम काढतात तो डबा) कोणत्या दिवशी येतो, आणि त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतलीच वेळ मागा. तेव्हा तो जोरात असतो आणि रोगी परत पाठवायची वेळ कमी येते. आणि पेट (PET) स्कॅनची सोय असेल तर हाडांसाठी फ्लोराइडचा स्कॅन चालेल का, हेही डॉक्टरांना विचारून ठेवा. तो या भट्ट्यांवर अवलंबून नाही, त्याचं औषध सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर बनतं. खर्च जास्त येईल, तो मी पाठवतो.

काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
सुहास