साहेब, फॉर्म्युला वन राहू द्या, आधी फाटक उघडा

प्रति,
मा. केंद्रीय क्रीडामंत्री,
नवी दिल्ली

विषय: ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट

महोदय,
स. न. वि. वि.

फॉर्म्युला वन भारतात परत येणार, तशा हालचाली सुरू आहेत, ही बातमी परवा पुन्हा वाचली. अभिनंदन. पुन्हा म्हणतो, कारण २०१४ पासून ही बातमी अधूनमधून येतच असते. ती वाचली तेव्हा मी माझ्या पोराची रेसची गाडी पिकअपमधून खाली घेत होतो. ज्या ट्रॅकवर तुम्ही फॉर्म्युला वन आणणार आहात, त्याच ट्रॅकच्या फाटकावरून ती एक लॅपसुद्धा न धावता माघारी आली होती.

मी कोल्हापूरचा. दुचाकीचं गॅरेज आहे, वडिलांपासून. पोरगा एकोणीस वर्षांचा, १६५ सीसी गटात पळतो, रीतसर लायसन्स आहे. आमच्याकडं गाडीचा नाद घराघरात असतो, त्यात नवल नाही. पण आमचा पोरगा खरंच बरा पळतो. हे बाप म्हणून नाही, मेकॅनिक म्हणून सांगतो. एरवी आम्ही चेन्नई नाहीतर कोइम्बतूरला जातो. या हिवाळ्यात दिल्लीकडच्या एका आयोजकानं बुद्ध सर्किटवर शिबिर आणि शर्यत जाहीर केली. एंट्री फी आधी भरायची, परत मिळणार नाही असं बारीक अक्षरात. भरली. बायकोच्या भिशीचे पैसे त्यात गेले. नवे टायर घेतले, इंजिन उघडून पुन्हा बांधलं, लेदर सूट दुसऱ्याचा घेऊन आमच्या शिंप्याकडनं मापात करून घेतला. पिकअप भाड्यानं घेऊन सतराशे किलोमीटर गेलो. ग्रेटर नोएडात परी चौकाजवळ खोली घेतली. पहाटे धुक्यात फाटकावर पोचलो, तर कुलूप. रखवालदार म्हणाला, "भाईसाब, आज तो कुछ नहीं है." आयोजकाचा फोन आधी वाजत राहिला, मग बंद झाला. संध्याकाळी मेसेज आला की अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रम पुढं ढकलला आहे. किती पुढं, ते अजून कळलेलं नाही. पैशांचं तर विचारूच नका. मी विचारतोय, उत्तर येत नाही.

तुम्ही म्हणाल, हे खासगी आयोजकाचं प्रकरण, ग्राहक मंचात जा. जाईनही. पण कुलूप असलेल्या त्या फाटकासमोर उभं राहून मी पोराला त्या ट्रॅकचा जो इतिहास सांगितला, तो तुम्हालाही सांगावासा वाटतो. मंत्री बदलतात, फाईल बदलत नाही म्हणतात. इथं फाईल तरी आहे का, कोण जाणे.

जून २००७. भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, आमच्या पुण्याचे खासदार सुरेश कलमाडी यांनी फॉर्म्युला वनचे तेव्हाचे सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन यांच्याशी तात्पुरता करार केला की दिल्लीजवळ फॉर्म्युला वन होणार. म्हणजे जबाबदारी घेतली खेळाच्या माणसांनी. मग २००९ मध्ये, तुमच्याच खात्यानं, आयोजकांनी शर्यतीच्या परवान्याची फी परदेशी पाठवायला परवानगी मागितल्यावर कळवलं की हा खेळ नाही, ही करमणूक आहे, व्यवसाय आहे. बरं. मान्य करू. मग २०१० मध्ये फॉर्म्युला वन पळवणाऱ्या नारायण कार्तिकेयनला पद्मश्री कशाबद्दल? २०१९ मध्ये रॅली ड्रायव्हर गौरव गिलला अर्जुन पुरस्कार कशाबद्दल, करमणूक केल्याबद्दल? सरकारला सत्काराच्या दिवशी तो खेळाडू दिसतो आणि कर भरायच्या दिवशी तमासगीर.

तरीही ट्रॅक झाला. बांधकामवाल्या जेपी समूहानं बांधला, सुमारे २००० कोटी लागले म्हणतात. आराखडा जर्मनीच्या हर्मन टिल्के यांचा. ५.१२५ किलोमीटर, सोळा वळणं, मागचा सरळ पट्टा किलोमीटरहून लांब. पहिल्या तीन वळणांत मिळून जमीन चौदा मीटर वर चढते. चेन्नईच्या सपाटीवर शिकलेल्या पोरांना हा चढउतार म्हणजे काय, ते तुम्हाला कागदावर कळायचं नाही. दहा-अकरा-बारा हे उजवीकडं वळत राहणारं लांबलचक बाकदार वळण आहे, तिथं गाडी झोपवायची आणि झोपलेलीच ठेवायची, घाई केली की बाहेर. माझा पोरगा हे वळण मोबाईलवर शेकडो वेळा बघून पाठ करून आला होता. गॅरेजच्या फरशीवर खडूनं काढलं होतं त्यानं. मी ती फरशी धुवायला सांगितली नव्हती. अजूनही सांगितलेली नाही.

३० ऑक्टोबर २०११ ला पहिली शर्यत झाली. तुमच्या दिल्लीकरांना काय आठवतं माहीत नाही, आम्ही गॅरेज बंद करून टीव्हीसमोर बसलो होतो. शुक्रवारच्या पहिल्या सरावातच कुत्रं ट्रॅकवर आलं आणि लाल झेंडा दाखवावा लागला, त्यावर जग हसलं. हसू दे. त्या कुत्र्याला कुणी फी तरी मागितली नाही, त्याला ट्रॅकवर जाता आलं. रविवारी मात्र पाऊण लाखाच्या वर माणूस होतं, काही जण ९५ हजार सांगतात. आदल्या दोन आठवड्यांत शर्यतीत अपघातानं गेलेल्या डॅन व्हेल्डन आणि मार्को सिमोन्चेल्ली या रेसरांसाठी सगळे स्तब्ध उभे राहिले. कार्तिकेयन हिस्पानिया संघाच्या त्या रडतखडत गाडीतून सतरावा आला आणि आम्ही इथं फटाके लावले. सेबास्टियन फेटेल जिंकला, सर्वांत वेगवान लॅप त्याचीच, १ मिनिट २७.२४९ सेकंद. चौकटीचा झेंडा सचिननं हलवला, ट्रॉफी मुख्यमंत्री मायावतींच्या हातून. व्यासपीठावर सगळे होते. हा खेळ नाही म्हणणारेही आसपास असतीलच.

आणि त्याच महिन्यात काय चाललं होतं? करमणूक कर माफ केला म्हणून कोर्टात याचिका, मग सर्वोच्च न्यायालयानं तिकिटांच्या उत्पन्नातले २५ टक्के वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितले. ज्यांची जमीन गेली ते शेतकरी मोबदल्यासाठी शर्यत अडवू म्हणत होते, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. २०१२ मध्ये पुन्हा फेटेल. २०१३ मध्ये पुन्हा फेटेल, त्या दिवशी त्यानं चौथं जगज्जेतेपद घेतलं, मुख्य स्टँडसमोर गाडी गोल गोल फिरवून धूर केला, उतरून गाडीपुढं हात जोडले. नियम मोडला म्हणून त्याच्या संघाला २५ हजार युरो दंड झाला. करार पाच वर्षांचा होता, शर्यती तीन झाल्या. २०१४ मध्ये नाही, २०१५ मध्ये बघू म्हणाले, ते बघणं अजून चालू आहे.

एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की शर्यतीच्या काळात ट्रॅक फॉर्म्युला वनच्या कंपनीच्या ताब्यात होता, तेव्हा ते तिचं कायमस्वरूपी व्यवसायाचं ठिकाण धरायचं आणि इथं कर लावायचा. निकालावर मी काय बोलणार, मी दहावी. पण ज्यांना "कायमस्वरूपी" ठरवलं ते जाऊन तोवर साडेतीन वर्षं झाली होती, एवढं हिशेबात येतं.

आता खरं सांगू का? माझ्या मते तो ट्रॅक रेससाठी बांधलाच नव्हता. सुमारे १००० हेक्टर जमीन दिली गेली, मध्ये ट्रॅक, भोवती घरं, प्लॉट, क्रिकेटचं मैदान, आणखी काय काय नकाशात. ट्रॅक म्हणजे त्या भूखंडांच्या जाहिरातीचा फलक होता. फलकाला कुणी विचारतं का, तुझ्यावर रोज कोण पळणार? थकबाकी राहिली म्हणून यमुना एक्स्प्रेसवे प्राधिकरणानं फेब्रुवारी २०२० मध्ये जमिनीचं वाटप रद्द केलं. मग पाच वर्षं कोर्ट. मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं रद्द करणं योग्य ठरवलं. मधे कंपनीच दिवाळखोरीत. म्हणजे घर घेणारे अडकले, जमीन देणारे अडकले, बँका अडकल्या, आणि ज्यांच्या नावानं हे सगळं केलं ते गाडी पळवणारे तर यादीतच नव्हते. आमचं कोण अडकलं हे विचारायलाही कुणी आलं नाही.

मधे सप्टेंबर २०२३ मध्ये तिथं मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींची जागतिक शर्यत, झाली. आम्ही गेलो होतो, सगळ्यात स्वस्त स्टँडचं तिकीट काढून. परदेशी रायडरांचे व्हिसे अडकले होते आणि इथं मोठमोठे फलक लागले होते की जग भारतात आलं. ऊन असं की शर्यत २१ लॅपवर आणावी लागली. मार्को बेझेक्की जिंकला, दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यतीनंतर पाणी कमी पडून खुर्चीतच कोसळला. सप्टेंबरात दिल्लीत ऊन असतं हे कळायला कुठली समिती लागते? तरी माझं पोरगं त्या दिवशी जे बघून आलं, त्यानंच हा सगळा खर्च मागे लागला. सात वर्षांचं कॅलेंडर म्हणाले होते. २०२४ ची शर्यत गेली. मग २०२५ म्हणाले, तीही गेली. परवाची बातमी वाचून पोरगं माझ्याकडं बघून नुसतं हसलं, आणि ते हसणं मला आवडलं नाही.

ही गोष्ट एका ट्रॅकची असती तर मी पत्र लिहिलं नसतं, चूल पेटवायला बराच कागद आहे. हैदराबादला बघा. ११ फेब्रुवारी २०२३ ला हुसेनसागरकाठी फॉर्म्युला ई, म्हणजे विजेवरच्या गाड्यांची शर्यत, झाली, लोक खूश. सरकार बदललं, पुढच्या वर्षीची शर्यत रद्द, आणि पुढं पैसे कसे दिले म्हणून माजी मंत्र्यावर गुन्हा. कोण खरं कोण खोटं ते कोर्ट बघेल. पण दरवेळी असंच का होतं? रस्ते रंगवायचे, हेलिकॉप्टर आणायचं, नेत्यानं झेंडा दाखवायचा, दुसऱ्या वर्षी चौकशी. मैदानं, स्टेडियमं, तलाव, क्रीडासंकुलं, सगळ्याची हीच रीत. आमच्या तालुक्याच्या क्रीडासंकुलात लग्नं लागतात. अहो, दाद मागायला जावं तर केंद्र म्हणतं क्रीडा राज्याचा विषय, राज्य म्हणतं जमीन प्राधिकरणाची, प्राधिकरण म्हणतं प्रकरण न्यायप्रविष्ट. आणि उद्घाटनाला मात्र तिघेही एकाच फोटोत. कर घेताना ह्यातलं कोणीच म्हणत नाही की आमचा विषय नाही. माझ्या पोराच्या टायरवर जीएसटी, हेल्मेटवर जीएसटी, बाहेरून मागवलेल्या सुट्या भागावर कस्टम ड्यूटी, त्यावर पुन्हा जीएसटी. तेव्हा तो खेळ की करमणूक, हे कुणी विचारत नाही.

आमच्या कोल्हापुरात खासबाग मैदान आहे. राजर्षी शाहू महाराजांनी युरोपातली मैदानं पाहिली आणि इथं कुस्तीसाठी १९१२ मध्ये हे उभं केलं. चारी बाजूंनी बैठक, मध्ये लाल मातीचा हौदा, कुठूनही बघा, पैलवान दिसतोच. शंभराहून जास्त वर्षं झाली, तिथं कुस्त्या होतात. कारण ते कुस्तीसाठी होतं, भोवतीचे प्लॉट विकायला नव्हतं. आणि फक्त राजालाच जमतं असंही नाही. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबची माणसं आधी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर पळायची, मग तिकडंच इरुंगट्टुकोट्टईला त्यांनी स्वतःचा ट्रॅक बांधला, १९९० मध्ये. ३.७ किलोमीटरचा, बुद्धच्या मानानं साधा. तिथं ना कुणी मुख्यमंत्री ट्रॉफी द्यायला आला म्हणून जग बघत होतं, ना २०११ सारखी शर्यतीनंतर लेडी गागा या गायिकाबाईंची मेजवानी होती. पण आज देशातला जवळपास प्रत्येक रेसर त्या ट्रॅकवरून गेलाय, माझा पोरगाही. फाटकावर गेलं की उघडतात. चहा बरा मिळत नाही, एवढीच तक्रार.

मागणी काय, तर मोठी नाही. बुद्ध सर्किट आज ज्याच्या हाती आहे किंवा उद्या ज्याच्या हाती जाईल त्याच्या करारात लिहून घ्या, की महिन्यातले ठरलेले दिवस लायसन्स असलेल्या रायडर-ड्रायव्हरांसाठी, जाहीर दरात, दोन महिने आधी तारखा लावून. मोटारकंपन्या जाहिरातींचं चित्रीकरण उरलेल्या दिवशी करू देत. दुसरं, जो कुणी शर्यत जाहीर करील त्याच्याकडं ट्रॅक मिळाल्याची लेखी परवानगी असल्याशिवाय त्यानं एंट्री फी घ्यायची नाही. फी वेगळ्या खात्यात राहील, शर्यत झाली तरच त्याला मिळेल. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये कोट्यवधींच्या कराचं असं वेगळं खातं काढायला लावलं होतं, तर गरिबाच्या पन्नास-साठ हजारांचं का निघू नये? आणि तिसरं, एकदा ठरवून टाका, लेखी, हा खेळ आहे की नाही. नसेल तर तसं सांगा, पोराला मी आयटीआयला घालतो. अजून वय गेलेलं नाही.

फॉर्म्युला वन आली तर येऊ दे, आम्ही तिकीट काढून बघू, परवडलं तर. २०११ ला सगळ्यात स्वस्त तिकीट अडीच हजार होतं, आता किती लावाल देव जाणे.

एप्रिलपर्यंत उत्तर मिळावं. नव्या हंगामाच्या फिया तेव्हा भरायच्या असतात, आणि गाडी चेन्नईकडं वळवायची की विकायची, हे मला त्याच्या आत ठरवायचं आहे. गिऱ्हाईक एक येऊन गेलंय, साठ हजार म्हणतंय. टायर नवे आहेत म्हणून मी पंच्याहत्तरवर अडून आहे.

आपला,
एक गॅरेजवाला
कोल्हापूर