९ ऑगस्टचा मुहूर्त आणि शोकेसमधला ओला रंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आदिवासी संस्कृतीचे दालन ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी खुले करायचे ठरले की शोकेसचे सुतारकाम आणि रंग नेमके जून-जुलैत येतात. भर पावसात मारलेला रंग हाताला सुकल्यासारखा लागतो, पण आठवडेच्या आठवडे वाफ सोडत राहतो. आदल्या रात्री वस्तू ठेवून काच लावली की ती वाफ जाणार कुठे? निविदेत उद्घाटनाची तारीख असते, रंगानंतर शोकेस उघडी आणि रिकामी ठेवायचे चार आठवडे मात्र नसतात. ते घालावेत, यासाठी हे पत्र.

दोष एकट्या रंगाचा नाही. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) आणि स्वस्त प्लायच्या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड सुटते आणि लाकूड, कितीही भारी असले तरी, थोडेफार आम्ल सोडतेच. शिशाच्या वस्तूवर त्याने पांढरी भुकटी धरते. तळाला लोकरीचा फेल्ट अंथरला तर त्यातल्या गंधकाने चांदीची हासळी काळी पडते. सांगाडा पावडर कोटिंग केलेल्या लोखंडाचा करावा आणि अंथरायला खळ धुऊन काढलेले मांजरपाट वापरावे. प्लाय टाळताच येत नसेल तर आतून अॅल्युमिनियमचा थर असलेली फॉइल लावून कडाही बंद कराव्यात. कापलेली उघडी कडच जास्त वाफ सोडते. मालाची पारख ऑडी चाचणीने होते. साधारण २ ग्रॅम नमुना, थोडे पाणी आणि चांदी, तांबे, शिसे यांच्या पट्ट्या बंद नळीत ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायच्या. पट्टी खराब झाली तर माल परत.

तारपा हे फुंकून वाजवायचे आदिवासी वाद्य घ्या. वाळलेला दुधी भोपळा, बांबू, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांध्यांना मेण. कर्ण्याला तार बांधून तो टांगला की सगळे वजन त्या सांध्यावर येते. आधार भोपळ्याखाली हवा: पितळी सळईचा पाळणा, त्यावर पॉलिथिनची नळी. शोकेसच्या आत हॅलोजन असेल तर मेण मऊ पडून तारपा आपसूक वाकतो. दिवे बाहेर ठेवावेत, निदान एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारी डबी तरी. पिसे आणि रंगीत कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड नको. दमटपणासाठी दर घनमीटरला २० किलो सिलिका जेल (ओल शोषणारे आणि सोडणारे दाणे), तेही बाहेरून ओढता येईल अशा खालच्या खणात. मात्र भट्टीतून काढलेले कोरडेठाक जेल थेट घालू नये, भोपळा तडकतो. आधी ते ५५ टक्के आर्द्रतेवर आणावे.

फलकांचे दुखणे वेगळे. इंग्रजीच्या मापाने १८ पॉइंटमध्ये बसवलेला मराठी मजकूर बारीक दिसतो, कारण वर-खाली मात्रा-उकारांना जागा जाते. वस्तूच्या पट्टीला २४ ते २८ पॉइंट आणि ओळींत दीडपट अंतर ठेवावे. मोठ्या फलकाचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटीमीटरवर असावा. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा गोळाच वाचावा लागतो, म्हणून मॅट घ्यावे. शोकेसच्या आत फ्लेक्स नकोच, त्यातला पीव्हीसीही वायू सोडतो.

फॉन्ट युनिकोड नसला किंवा पीडीएफमध्ये बसवला नसला तर छापखान्यात ‘कातकऱ्यांची’ची ‘कातक-यांची’ होते. ज्यांच्यावर दालन, त्यांचेच नाव मोडलेले! आणि पट्टीवर ‘टोपली, बांबू’ एवढेच पुरत नाही. त्या समाजाच्या बोलीतले नाव, गाव, मिळाल्याचे साल आणि कळत असल्यास विणणारीचे नाव हवे. मजकूर छपाईला जाण्यापूर्वी एक फलक खऱ्या मापात छापून भिंतीवर लावावा आणि त्याच पाड्यातल्या दोघांकडून वाचून घ्यावा. हा दिवसही वेळापत्रकात धरावा लागेल.

आपला,
प्रदर्शन-मांडणीचे काम करणारा एक वाचक, पुणे