सातारा ते कास: नावं विचारायची राहून गेली

रविवारी पहाटे राजवाड्यापासून कासला पळत निघालो. अंतर २५ किलोमीटरच्या आसपास, त्यात सुरुवातीलाच यवतेश्वरचा घाट.

समर्थ मंदिराच्या अलीकडे कुत्री मागे लागली, तेव्हा पेपरचा गठ्ठा आपटून त्यांना हुसकावणाऱ्या दादांचे आभार.

घाट संपला की शहराचा आवाज एकदम तुटतो. एका अंगाला उरमोडीचं पाणी, दुसऱ्या अंगाला कण्हेरचं. इतकी वर्षं गाडीवरून जाताना हे दिसलंच नव्हतं. (तेव्हा लक्ष भज्यांकडे असायचं.)

पठार जवळ आलं आणि पोटरीत गोळा आला. कणसं भाजणाऱ्या मावशींनी "बस की वाईच" म्हणत पोतं अंथरलं, तांब्याभर पाण्यात लिंबू पिळलं, मीठ घातलं. माझ्या खिशात फक्त मोबाइल, तिथे रेंज नाही. पैशांचं बोललो तर रागावल्याच.

परतीला दुधाच्या पिकअपमध्ये कॅनच्या मधे जागा करून देणाऱ्या दोघांचेही आभार. घामाच्या वासाबद्दल चकार शब्द काढला नाहीत!

मावशी, येत्या रविवारी लिंबाचे पैसे द्यायला येतोय. या खेपेला गाडीवरून.