सगळा डबा ग्रेडिंगला पाठवू नकोस

प्रिय बंड्या,

तुझं पत्र मिळालं, फोटोही. सगळीच्या सगळी प्रूफ नाणी ग्रेडिंगला, म्हणजे स्थिती तपासून अंक देणाऱ्या कंपनीकडे, पाठवायची आणि सर्वोच्च ७० अंक मिळवायचा, असा बेत दिसतोय. जरा दम धर. हे वाचून मग काय ते ठरव.

प्रूफ म्हणजे नाण्याचा दर्जा, असं तू धरून चाललायस. तसं नाही. प्रूफ ही नाणं पाडण्याची पद्धत. साचा घासून आरशासारखा केलेला, कोरी चकतीही चकचकीत केलेली, आणि ठोका निदान दोनदा, सावकाश आणि जास्त दाबाने. म्हणून सपाट भाग काळाभोर दिसतो आणि चित्र उठून येतं. असं नाणं कुणी खिशात घालून चारचौघांसारखं वापरलं, तरी ते प्रूफच राहतं. त्याचा अंक मात्र ६० च्या खाली घसरतो.

आता तो अंक. नाण्यांचे अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली ही १ ते ७० ची पट्टी मांडली ती अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटांसाठी. तीही खरं तर भाव काढायला: सर्वांत झिजलेल्या सेंटची किंमत एक धरली, तर निर्दोष सेंट सत्तरपट. भावाचं ते गणित लवकरच कोलमडलं, अंक तेवढा उरला. पुढे १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या ग्रेडिंग करणाऱ्या कंपन्या सुरू झाल्या, नाणी प्लास्टिकच्या सीलबंद स्लॅबमध्ये जाऊ लागली, आणि आपण सगळे ६९ आणि ७० यांच्यातल्या त्या एका घरासाठी भांडू लागलो.

७० म्हणजे काय, तर पाचपट भिंगातून पाहिल्यावर टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतरचा एकही डाग-ओरखडा न दिसणं. आजच्या टांकसाळी इतकं नेटकं काम करतात, की नव्या प्रूफ नाण्यांत ६९ आणि ७० चे ढीग असतात. शिवाय दरवर्षी आणखी नाणी स्लॅबमध्ये जातात, म्हणजे ७० वाल्यांची संख्या वाढतच जाणार, कमी होणार नाही. अशा नाण्यावर सत्तरसाठी चढा भाव मोजणं मला तरी पटत नाही. तू म्हणशील, याला सगळ्यातच खोट दिसते. दिसते, काय करू!

१९५० ते १९७० च्या दरम्यानची अमेरिकी प्रूफ नाणी मात्र वेगळी. चित्रावर जो दुधाळ, खरखरीत फ्रॉस्ट असतो, त्यासाठी तेव्हा साच्यावर आम्लाची प्रक्रिया करत आणि मग सपाट भाग घासून चकचकीत करत. पहिल्या काही ठोक्यांत तो फ्रॉस्ट छान उतरायचा, नंतर साच्यातली खरखर झिजायची आणि चित्रही आरशासारखंच गुळगुळीत व्हायचं. म्हणून एकाच वर्षाच्या, एकाच मूल्याच्या दोन नाण्यांत जमीन-अस्मानाचा फरक. दुधाळ चित्र आणि आरशासारखा सपाट भाग यांचा फरक ठळक असलेलं, पीसीजीएस ज्याला डीप कॅमिओ म्हणते आणि एनजीसी अल्ट्रा कॅमिओ, ते नाणं इथे खरोखर शोधावं लागतं. आता लेझरने फ्रॉस्ट देतात, शेवटचं नाणंही पहिल्यासारखंच. त्यामुळे नव्या नाण्याच्या स्लॅबवरचं तेच नाव काहीच विशेष सांगत नाही.

तेव्हा पाठवण्याआधी स्वतः बघ. ट्यूबलाइट बंद कर, एकच पिवळा दिवा ठेव. नाणं कडेने धर आणि प्रकाशात हळूहळू फिरव. सरळ पाहिलंस तर काहीच दिसणार नाही. एका विशिष्ट कोनात केसासारख्या बारीक रेघांचा झुबका लख्खकन चमकून जाईल. सगळ्या एकाच दिशेने असतील तर कुणीतरी रुमालाने पुसलंय, समज. ते नाणं घरीच ठेव. तू पाठवलेल्या फोटोतल्या चांदीच्या नाण्यावर वरच्या बाजूला पांढरट ठिपका आहे, तो मला दुधी डाग वाटतो. हे डाग पाडण्याआधीच्या धुण्यातून राहिलेल्या अंशामुळे येतात असं मानतात, आणि स्लॅबमध्ये बंद झाल्यावरही उमटू शकतात. म्हणजे आजचं ७० उद्या डोळ्यांना ७० वाटेलच असं नाही. खरवडायला जाऊ नकोस.

हिरवट चिकट थर आला असेल तर तो बहुधा मऊ पीव्हीसी पाकिटाचा प्रताप. काचेच्या भांड्यात शुद्ध अ‍ॅसिटोन घे (नेलपॉलिश काढायचं नको, त्यात भलतंच काही मिसळलेलं असतं), नाणं बुडव, काढ, आपोआप वाळू दे. चोळायचं अजिबात नाही. खिडकी उघडी ठेव, जवळपास आग नको. आणि ती पाकिटं आजच फेकून दे, मायलर प्लास्टिकची घे.

अंकाआधी नाणं कोणतं आहे तेही पाहत जा. १९९५ चं अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट टांकसाळीचं ईगल नावाचं चांदीचं नाणं फक्त सोन्याच्या नाण्यांच्या संचासोबतच मिळायचं, म्हणून ३०,१२५ नगांवरच थांबलं. ते ६८ अंकाचं असलं तरी मी घेईन. १९७५ च्या प्रूफ डाइमवर (दहा सेंटच्या नाण्यावर) सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचं 'एस' अक्षर मारायचं राहून गेलं, अशी दोनच नाणी आजवर उजेडात आली आहेत. तुझ्या डब्यात १९६८ नंतरचे संच आहेत ना? मग आधी भिंग घेऊन ती अक्षरं तपास, रेघा नंतर मोजू.

माझं मत विचारशील तर पन्नास-साठच्या दशकातली जी अर्धा डॉलरची नाणी तू फोटोच्या कोपऱ्यात ढकललीयस, तीच पाठवण्याजोगी वाटतात. त्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो पुन्हा काढ, या खेपेला फ्लॅश न मारता आणि नाणं थोडं कलतं धरून. त्यांच्यावरच्या फ्रँकलिनच्या चेहऱ्यात गालावर फ्रॉस्ट अखंड आहे की मध्येच विरळ झालाय, एवढं कळलं की कोणती ठेवायची ते सांगतो.

तुझा,
दिल्या