काका, तुम्हीच लिहा

ताई,

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे होते.

तुमची ती 'डिझाइन थिंकिंगची कार्यशाळा', म्हणजे माणसाची अडचण त्याच्याकडूनच ऐकायची आणि उपाय मिळून करून पाहायचा, हे ऐकून मी येणारच नव्हतो. समाजासाठी काहीतरी करू म्हणून भरवलेल्या सभांना आजवर कमी बसलोय का? माइक तिघांच्याच हातात फिरतो. आपण पोटतिडकीने बोलावं, तर इतिवृत्तात त्याचं 'ज्येष्ठांच्या आरोग्यविषयक समस्या' होतं. पुढे काय होतं ते त्या इतिवृत्तालाच ठाऊक!

तुम्ही आधी अनोळखी माणसांच्या जोड्या लावल्यात. माझ्यासमोर कॉलेजातला एक मुलगा. त्याला मी सांगून बसलो, की मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली, कारण फॉर्मवर 'सोबतचे नातेवाईक' असा रकाना आहे आणि मी एकटा. तुम्ही मागे उभ्या राहून ऐकत होतात. चिठ्ठीवर 'ज्येष्ठांचा एकटेपणा' लिहिलंत, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंत, आणि चिठ्ठी चुरगाळून खिशात टाकलीत. मार्करचं टोपण काढून तो माझ्या हातात दिलात. "काका, तुम्हीच लिहा. तुमच्या शब्दांत."

मला धड दिसत नव्हतं. ओळ कडेला जाऊन खाली वळली. 'नातेवाईक म्हणून कुणाचं नाव लिहू?' तीच वाकडीतिकडी चिठ्ठी तुम्ही भिंतीच्या मधोमध लावलीत. चांगल्या अक्षरात उतरवून घेतली नाहीत, हे मी विसरणार नाही.

पुढचं सगळं त्या चिठ्ठीभोवती फिरलं. आठ मिनिटांत उपायांची आठ चित्रं काढताना आम्ही पोरांसारखे हसलो. 'हे जमणार नाही' म्हणायला तेवढा वेळ बंदी होती. कल्पना निघत असताना टीका करायची नाही, हा नियम जाहिरात व्यवसायातल्या अलेक्स ऑसबर्न यांनी १९५३ च्या पुस्तकात मांडलाय, असं नंतर वाचलं. आमच्या सभांपर्यंत तो अजून पोचायचाय.

मग दोन खुर्च्या मांडून दवाखान्याचं काउंटर केलं. तो मुलगा माझ्या सोबतीला, एक बाई काउंटरवर. त्यांनी विचारलं, "तुम्ही यांचे कोण?" पोरगं गप्प! सोबतीला माणूस मिळणं ही निम्मीच गोष्ट, त्याला तिथे काय म्हणून उभं राहायचं तेही हवं, हे कुठल्या ठरावात सापडलं असतं? तिथेच पुठ्ठ्याचं कार्ड कापलं: माझं नाव, सोबत्याचं नाव, दोघांचे फोन, खाली माझी सही.

ऑपरेशन झालं. मुलगा सकाळपासून बाकावर बसून होता. कार्ड दाखवल्यावर काउंटरवरच्या बाईंनी नाव लिहून घेतलं आणि पेन थांबवून विचारलं, "नातं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "जोडी लागली होती आमची."