धागा तुटला की माग थांबला पाहिजे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला कोल्हापुरात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘टोयोटा आहे ना, मग डोळे झाकून घे.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण या कंपनीचे नाव झाले तेच मुळी डोळे उघडे ठेवण्यामुळे. आपल्या जिल्ह्यात एकीकडे इचलकरंजीचे माग आहेत, दुसरीकडे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि उद्यमनगरच्या ओतकामाच्या फाउंड्र्या. टोयोटा याच दोन धंद्यांतून उभी राहिली. तिचा इतिहास आपल्याला कुणी वेगळा समजावून सांगायची गरज पडू नये, तरी चर्चा होते ती फक्त ॲव्हरेजची आणि रीसेलची. म्हणून हे पत्र.

टोयोटाच्या मुळाशी असलेला साकिची तोयोदा हा जपानी सुताराचा मुलगा. १८९१ साली त्याने लाकडी हातमागाचे पेटंट घेतले आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे मागच सुधारत राहिला. १९२४ मध्ये त्याचा ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला. धोट्यातले, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या साधनातले, सूत संपत आले की वेग कमी न करता नवा धोटा आपोआप आत यायचा. पण खरी करामत वेगळीच होती. ताण्याचा, म्हणजे उभा, एक जरी धागा तुटला तरी माग स्वतःहून उभा राहायचा. साध्या मागावर धागा तुटला आणि विणकराची नजर चुकली तर काय होते, हे इचलकरंजीत कुणालाही विचारा. माग चालतच राहतो, कापडात उभी रेघ उतरत जाते आणि तागा तपासणीच्या टेबलावर आल्यावर नुकसान कळते. तोवर मीटरच्या मीटर कापड वाया गेलेले असते. माग स्वतः थांबू लागल्यावर एका माणसाला पुष्कळ माग सांभाळता आले, कारण त्याला प्रत्येक धाग्यावर पहारा द्यायचा नव्हता. थांबलेल्या मागाकडे तेवढे जायचे होते. जपानीत या तत्त्वाला ‘जिदोका’ म्हणतात. टोयोटाची कामाची पद्धत ज्या दोन खांबांवर उभी आहे, त्यांतला हा एक. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क १ लाख पौंडांना घेतले. कापडयंत्रांच्या माहेरघराने जपानी सुताराच्या पोराकडून माग विकत घ्यावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

मुलगा किइचिरो याने १९३३ मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटारीचा विभाग काढला. शेव्हरोलेचे सहा सिलिंडरचे इंजिन खोलून त्याच्या नमुन्यावर स्वतःचे इंजिन ओतायला घेतले, आणि इथे गाडी अडली. मागाचे बीड (ओतीव लोखंड) ओतणे वेगळे, इंजिनचा ब्लॉक ओतणे वेगळे. ब्लॉकमध्ये पाणी फिरायच्या पोकळ्या कोअरने, म्हणजे वाळूच्या गाभ्याने, ठेवाव्या लागतात. पातळ भिंतींमध्ये अडकलेल्या त्या कोअरमधला वायू बाहेर पडला नाही तर भिंतीत भोके राहतात. सुरुवातीचे ब्लॉक शेकड्यांनी भंगारात गेले. १९३५ चे पहिले ट्रकही वाटेत बंद पडायचे आणि कंपनीची माणसे दुरुस्तीला धावायची. १९३७ मध्ये टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी झाली, तरी १९५० मध्ये ती बुडण्याच्या बेतात होती. कामगार कमी करावे लागले आणि किइचिरो यांनी राजीनामा दिला. त्याच सुमारास कोरियन युद्धामुळे अमेरिकी लष्कराच्या ट्रकच्या ऑर्डरी आल्या आणि कंपनी तरली. १९५७ मध्ये ‘क्राउन’ गाडी अमेरिकेत नेली, तर तिथल्या महामार्गांच्या वेगाला ती टिकेना. थोडक्यात, ‘न बिघडणारी गाडी’ हे बिरुद या कंपनीला जन्मजात मिळालेले नाही.

ते मिळाले टोयोटाचेच अभियंते ताइइची ओहनो यांनी मागाचा नियम मोटारीच्या कारखान्यात रुजवल्यावर. गाडी जोडणाऱ्या कामगाराच्या डोक्यावर एक दोरी असते, काही कारखान्यांत आता बटण. बोल्ट बसेना, भाग चुकीचा आला, आटे गेले, काहीही झाले की त्याने दोरी ओढायची. दिवा लागतो, गटप्रमुख येतो, आणि गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत सरकेतो दोष निघाला नाही तर ओळ थांबते. दोरी ओढणाऱ्याला कुणी रागवत नाही, आणि सगळ्यांत अवघड भाग हाच आहे. आपल्याकडे ‘प्रॉडक्शन का थांबवलेस’ हा प्रश्न पहिला येतो.

ओहनो यांची दुसरी रीत पाच वेळा ‘का’ विचारण्याची. ती आपल्या फाउंड्रीत लावून पाहा. कास्टिंग मशिनिंगला गेले आणि पहिल्याच कटला ब्लो होल (वायूने पडलेले भोक) उघडे पडले. नेहमीप्रमाणे खापर साचा करणाऱ्या मोल्डरवर फुटते आणि वाळूतले पाणी कमी करण्याचे फर्मान निघते. त्याऐवजी विचारायचे. भोक का पडले? कोअरचा वायू धातूत अडकला म्हणून. का अडकला? कोअर प्रिंटपाशी, म्हणजे कोअर साच्यात टेकतो तिथे, व्हेंटचे (वायू बाहेर जायच्या वाटेचे) तोंड बुजले होते. का बुजले? कोअरला लेप देताना तो व्हेंटमध्ये उतरला. का उतरला? लेप देताना तोंड बंद करायला काही वापरत नाहीत. का वापरत नाहीत? त्यासाठी काही ठरवलेलेच नाही. मग उपाय एवढाच, की लेप द्यायच्या आधी व्हेंटमध्ये तारेचा तुकडा घालायचा आणि सुकल्यावर काढायचा. पहिल्याच ‘का’पाशी थांबलेला माणूस वाळूतले पाणी कमी करतो, साचा ठिसूळ होतो आणि ब्लो होलच्या जोडीला वाळू धुपून आत जाण्याचा दोषही सुरू होतो. कधी साखळी वेगळी निघते. कोअरच्या वाळूत तिला चिकटवणारे रेझिन वजनाऐवजी मापट्याने पडलेले असते आणि दीड टक्क्याचे अडीच झालेले असते, किंवा लॅडल (धातू ओतायचे भांडे) संपत आल्यावरचे साचे १,३५० अंशांच्या खाली गेलेल्या धातूने भरलेले असतात. कोणती साखळी खरी हे भट्टीजवळ उभे राहूनच कळते. ऑफिसात बसून कळत नाही.

आणि हे त्याच पाळीत कळले पाहिजे. नवा पॅटर्न (साच्याचा नमुना) चढवला की पहिल्या काही साच्यांतले एक कास्टिंग कोअरच्या जागी कापून बघावे. ते निर्दोष निघाल्याशिवाय पुढचे ओतू नये. दोन दिवसांनी फेटलिंगला (कास्टिंग साफ करताना) कळून उपयोग नाही, तोवर शेकडो साचे भरून झालेले असतात.

आता गाडीकडे येतो. टोयोटा भारतात किर्लोस्करांबरोबर आली. किर्लोस्करवाडी आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात, त्यामुळे हे नाते घरचे वाटावे. बेंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यातून क्वालिस २००० च्या जानेवारीत बाजारात आली. तिचे रूप जुनाट म्हणून नावे ठेवली गेली, पण टुरिस्टवाल्यांनी ती उचलून धरली. २००५ मध्ये इनोव्हा आली आणि आज जुन्या बाजारात जिच्यावर उड्या पडतात ती हीच. तिचे अडीच लिटरचे डिझेल इंजिन दणकट आहे यात वाद नाही, पण त्याची तीन दुखणी माहीत असली पाहिजेत.

पहिले, टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा पट्टा. या इंजिनाला चेन नाही, रबरी पट्टा आहे. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेडचे काम निघते. पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर तो बदलावा, दीड लाख किलोमीटरच्या पुढे तर नेऊच नये. तो ताणून धरणारे टेन्शनर आणि आयडलर बेअरिंग त्याच वेळी बदलावे. बेल्ट बदलल्याचे बिल नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे. मीटरवरचा टी-बेल्टचा दिवा पुन्हा शून्यावर आणता येतो, त्यामुळे त्यावर विसंबू नये. २०१६ पासून आलेल्या इनोव्हा क्रिस्टाला मात्र चेन आहे.

दुसरे, डिझेल. उभ्या गाडीचा आरपीएम वरखाली होऊ लागला की बरेच गॅरेजवाले थेट इंजेक्टरचे (डिझेल फवारणाऱ्या भागांचे) अंदाजपत्रक देतात. आधी इंजिनाच्या डिझेल पंपावरचा सक्शन कंट्रोल व्हॉल्व्ह तपासायला सांगावे. घाणेरड्या डिझेलने तो अडकतो आणि पंपात जाणाऱ्या डिझेलचे प्रमाण डळमळते. इंजेक्टरच्या मानाने हे काम लहान आहे. फिल्टरमधले पाणी काढणे तर घरी जमते. इंजिन बंद करून खाली भांडे धरावे, फिल्टरच्या बुडाचा प्लग दोन-अडीच फेरे सैल करावा आणि वरचा हातपंप दाबत राहावे. पाणी जाऊन स्वच्छ डिझेल आले की प्लग हातानेच आवळावा. पक्कड लावली की आटे जातात.

तिसरे, इंजेक्टरच्या बुडाचे तांब्याचे वॉशर. हे दुखणे याच घराण्यातल्या तीन लिटरच्या फॉर्च्युनरमध्ये अधिक दिसते. वॉशर गळू लागला की सिलिंडरमधला जळका वायू वरून इंजिनात शिरतो, ऑइलमध्ये काजळी साचते आणि ऑइल पॅनमधली जाळी तुंबते. मग ऑइलचा दाब पडतो आणि बेअरिंगे जातात. गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगून सकाळी थंड इंजिन स्वतः सुरू करून पाहावे. सुरुवातीची खडखड गरम झाल्यावर मिटत असेल तर वॉशर तपासल्याशिवाय पुढे बोलू नये. म्हणूनच विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलेली गाडी पाहू नये.

पुरात बुडालेल्या गाड्यांचे आणखी वेगळे. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचे पाणी शिरोलीपाशी महामार्गावर होते. त्या वेळी बुडालेल्या सगळ्या गाड्या भंगारात गेल्या असे कुणी समजू नये. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, मातीची रेघ तिथे राहते. इनोव्हाला शिडीसारखी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) आहे. तिच्या भोकांतून तार घालून फिरवावी, सुकलेला गाळ हाताला लागतो. डिफरन्शियलचे (मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीचे) ऑइल थोडे काढून बघावे, चहासारखे दुधाळ असेल तर पाणी गेलेले आहे. आणि ज्यांची गाडी पाण्यात बंद पडते त्यांनी पुन्हा स्टार्टर मारू नये. एअर फिल्टर ओला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी असू शकते. पाणी दाबले जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. ग्लो प्लग (सिलिंडर गरम करणारे) काढून इंजिन हाताने फिरवले की ते पाणी बाहेर येते.

चिन्ह टोयोटाचे असले तरी गाडी मुळात कुणाची तेही पाहावे. ग्लान्झा, रुमियन आणि टायसर या मुळात मारुती सुझुकीच्या बलेनो, अर्टिगा आणि फ्रॉन्क्स आहेत. गाड्या चांगल्याच आहेत, पण इनोव्हाच्या चासीची आणि इंजिनाची ख्याती त्यांना लावून जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

कंपनीने स्वतः थांबण्याचा नियम मोडला तेव्हा तिचीही गय झाली नाही, हे तिच्या चाहत्यांनी लक्षात ठेवावे. २००९-१० मध्ये अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. काहींत ॲक्सिलरेटर मॅटखाली अडकत होता, काहींत पेडलच चिकटून हळू परत येत होते. तेव्हाचे अध्यक्ष अकिओ तोयोदा यांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभे राहावे लागले. इलेक्ट्रॉनिक दोष असल्याचा संशय नासाच्या तपासणीत सिद्ध झाला नाही. पण ग्राहकांपासून माहिती दडवल्याबद्दल २०१४ मध्ये कंपनीने १२० कोटी डॉलर भरले. जानेवारी २०२४ मध्ये टोयोटा इंडस्ट्रीजच्या डिझेल इंजिनांच्या शक्तीचाचणीत वेगळे सॉफ्टवेअर वापरल्याचे उघड झाले, आणि क्रिस्टा, फॉर्च्युनर व हायलक्सची भारतातली रवानगी काही काळ थांबली. टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे साकिचींच्या मागाचा तोच मूळ कारखाना, म्हणून हे जास्त लागते. त्याच्या महिनाभर आधी दाइहात्सु या टोयोटा मोटरच्या उपकंपनीत चाचण्यांतली लबाडी किती पसरली होती ते बाहेर आले. चौकशी समितीने कारण दिले ते नव्या गाड्यांच्या अति ताणलेल्या वेळापत्रकाचे. जोडणीच्या ओळीवर दोरी होती, चाचणीच्या खोलीत नव्हती.

मॅटचा धडा आपल्याकडे आजही लागू आहे. मूळ मॅट हुकात अडकवलेली असते. तिच्यावर बाजारातली जाड रबरी मॅट टाकली की ती पुढे सरकते आणि पेडलखाली जाते. करूळ किंवा आंबा घाट उतरताना असे झाले तर सावरायला वेळ मिळत नाही. ड्रायव्हरच्या पायाशी एकच मॅट ठेवावी आणि तीही हुकात.

आपल्याला एक विनंती. गाड्या परत बोलावल्याच्या सूचना कंपन्यांच्या संकेतस्थळांवर असतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या मालकापर्यंत त्या पोहोचत नाहीत, कारण कंपनीकडे पत्ता पहिल्याचा असतो. आपण महिन्यातून एकदा अशा सूचनांची यादी मॉडेल आणि वर्षासह छापावी. वाचकांनी आरसी बुकावरचा १७ अक्षरी चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारायचे आहे. परत बोलावलेल्या भागाची दुरुस्ती फुकट होते, गाडी कितव्याही मालकाची असो.

आपला,
एक वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर