आधी सीट, मग बाबागाडी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

बाळासाठी घ्यायच्या वस्तूंची तू पाठवलेली यादी सावकाश वाचली. यादीत बाबागाड्याच फार आहेत, आणि कार सीट, म्हणजे गाडीत बाळाला पट्ट्यांनी बांधून बसवायची सीट, एकच, तीही एका बाबागाडीच्या जोडीला आलेली. मला वाटतं हा क्रम उलटा करावा. बाबागाडी मनासारखी निघाली नाही तर थोडी चिडचिड होईल, दुसरी घेता येईल. कार सीटचं खरं काम पडलंच तर एखाद्या क्षणापुरतं पडतं, आणि तेव्हा निवड बदलायला वेळ नसतो. म्हणून आधी सीटबद्दल लिहिते.

जवळच जायचं असेल तर बाळाला मांडीवर घेऊन बसलं तर चालेल का, असं तू विचारलंस. याचं उत्तर मी आयुष्यभर वर्गात जडत्वाच्या नावाने फळ्यावर मांडत आले. गाडी ताशी ५० किलोमीटरने चालली असेल तर आतला प्रत्येक जीव सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने पुढे जात असतो. धडक बसून गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर बाळालाही तेवढ्यातच थांबवावं लागतं, आणि त्यासाठी त्याच्या वजनाच्या साधारण चौदापट जोर लागतो. चार किलोचं बाळ त्या क्षणी पंचावन्न-साठ किलोचं होतं. इतकं वजन, तेही ध्यानीमनी नसताना, कुणाच्याही हातांना धरवत नाही. तुझी माया कितीही असली तरी नाही. घरापासून चार गल्ल्यांवर जायचं असलं तरी हे गणित बदलत नाही. म्हणून पहिल्याच प्रवासापासून, म्हणजे दवाखान्यातून घरी येतानाच, बाळ सीटमध्ये हवं.

सीट कोणतीही घेतलीस तरी बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे असलं पाहिजे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाएवढं असतं, आपलं सातव्या-आठव्या हिश्शाएवढं. त्यात मानेचे मणके अजून पुरते हाड झालेले नसतात, बराच भाग कूर्चेचाच असतो. पुढे तोंड करून बसवलेल्या बाळाचं अंग समोरून धडक बसली की पट्ट्यांनी अडतं, पण ते जड डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोकं, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या पाठीत दाबली जातात, ताण सगळ्या पाठीवर पसरतो. स्वीडनमधल्या बर्टिल आल्डमन या संशोधकांनी हे १९६०च्या दशकात ओळखलं. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर का झोपलेले असतात, हे पाहून त्यांना मुलांच्या सीटची कल्पना सुचली, आणि १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत अशा सीटची चाचणी झाली. स्वीडनमध्ये आजही मुलं चार वर्षांची होईपर्यंत अशी बसवण्याची रीत आहे.

पहिला वाढदिवस झाला की आता सीट पुढे फिरवा, असं सांगणारे तुला नक्की भेटतील. पाय दुमडले जातात, त्याला बाहेरचं दिसत नाही, असंही म्हणतील. बाळांना मांडी घालून बसायला आवडतं, पायांची काळजी करू नकोस. संयुक्त राष्ट्रांच्या आर१२९ या नियमात, ज्याला आय-साइझ म्हणतात, किमान १५ महिने मागे तोंड असणं सक्तीचं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये वयाची अटच काढून टाकली आणि सांगितलं की सीटच्या वजनाची व उंचीची मर्यादा संपेपर्यंत तसंच बसवा. मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं.

पुढच्या सीटवर, चालू असलेल्या एअरबॅगसमोर, अशी सीट कधीही ठेवू नकोस. एअरबॅग उघडली की सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे, आदळते. मागचीच सीट वापर.

आता दुकानात काय बघायचं ते सांगते. सीटवर तिच्या मानकाचा शिक्का असतो, तो आधी पाहा. आर१२९चा शिक्का असेल तर बाळाच्या उंचीवरून सीट निवडायची असते आणि बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी झालेली असते. जुन्या आर४४ नियमात गट वजनावर होते आणि तान्ह्या बाळांचा '०+' गट १३ किलोपर्यंत जायचा. जिथे राहता तिथे जे मानक मान्य आहे तेच हवं. सीट किती वजनापासून चालते तेही वाचून घे. बऱ्याच सीट दोन किलोच्या आसपास सुरू होतात, पण सगळ्या नाहीत, आणि बाळ वेळेआधी आलं तर हा आकडा फार महत्त्वाचा ठरतो. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला घरी सोडण्याआधी सीटमध्ये बसवून त्याचा श्वास आणि हृदयाचे ठोके पाहण्याची पद्धत बऱ्याच दवाखान्यांत असते. गरज पडली तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेव.

पण शिक्का आणि किंमत पाहून काम होत नाही. उत्तम सीट जर तुमच्या गाडीत नीट बसत नसेल तर ती तुमच्यासाठी उत्तम नाही. लोक दुकानातून खोका उचलून आणतात आणि गाडीत लावायला बसतात बाळ आल्यावर, थकव्याच्या दिवसांत. तू तसं करू नकोस. गाडी दुकानापर्यंत घेऊन जा आणि विकत घेण्याआधी बसवून पाहायला माग. त्या वेळी ड्रायव्हरची सीट जावयांच्या उंचीप्रमाणे मागे सरकवून ठेव. ते उंच आहेत, आणि मागे तोंड असलेली सीट बरीच जागा खाते. बाळाची सीट नीट कललेली राहावी आणि चालवणाऱ्याचे गुडघेही अवघडू नयेत, दोन्ही जमलं पाहिजे.

सीट दोन प्रकारे लागते. एक म्हणजे गाडीच्या पट्ट्याने, आणि दुसरी आयसोफिक्सने, म्हणजे मागच्या बाकाच्या फटीत असलेल्या लोखंडी कड्यांत सीटचे खटके अडकवून. नीट लावलेल्या दोन्ही पद्धती सुरक्षित आहेत, पण खटक्याच्या पद्धतीत चूक व्हायला कमी वाव राहतो. काहींच्या तळाला एक आधाराचा पाय असतो, तो गाडीच्या तळाला टेकतो. तुमच्या गाडीत मागे पायाखाली सामानाचा कप्पा असेल, तर त्याच्या झाकणावर असा पाय टेकवता येत नाही. पट्ट्याने लावायची असेल तर पट्टा पुरेसा लांब आहे ना, ते पाहा. काही गाड्यांत तो अपुरा पडतो. हे सगळं गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ती तुमच्या समोरच्या कप्प्यात न उघडता पडलेली असणार, ती काढ.

लावून झाली की पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलव. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा आवळ. मग कल बघ. गाडी सपाट जागी उभी असताना, सीटवरच्या रेषेने किंवा बुडबुड्याने दाखवलेल्या खुणेत कल बसला पाहिजे. नवजात बाळासाठी तो ४५ अंशांच्या जवळ असतो. जास्त उभी राहिली तर झोपेत डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. ही गोष्ट मी दोनदा सांगितली तरी कमीच आहे.

पट्टे बाळाच्या खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून निघायला हवेत. बक्कल लावल्यावर खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडून बघ. चिमटीत घडी आली तर पट्टा सैल आहे. जाड दुलई किंवा फुगलेलं जाकीट घालून बसवू नकोस, कारण धडकेत ते दाबलं जातं आणि पट्टा सैल राहतो. थंडी असेल तर आधी पट्टे आवळ, मग वरून पांघरूण घाल. सीटसोबत आलेल्या गादीखेरीज बाहेरून कुठलाही मऊ आधार आत घालू नकोस, कितीही गोड दिसला तरी.

जुनी सीट घ्यावी का? कुणी प्रेमाने देऊ केली तरी तिची पूर्ण हकीकत माहीत असल्याशिवाय घेऊ नकोस, असं माझं ठाम मत आहे. धडकेत सापडलेल्या सीटला बाहेरून ओरखडाही दिसत नाही, पण आतलं प्लास्टिक तडकलेलं असू शकतं. शिवाय सीटवर मुदत छापलेली असते, बहुधा सहा ते दहा वर्षं. आपल्याच कुटुंबातली असेल, अपघात झालेला नसेल, मुदत शिल्लक असेल आणि पुस्तिका असेल, तरच घे. नाहीतर नम्रपणे नाही म्हण. कुणी रुसलं तर माझं नाव पुढे कर, मी बोलेन त्यांच्याशी.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात सांगत नाहीत. ही सीट गाडीसाठी आहे, झोपायसाठी नाही. घरी पोचलात की झोपलेलं असलं तरी बाळाला उचल आणि पाळण्यात सपाट ठेव. 'आता उठवायला नको' असं वाटेल, पण गाडीबाहेर सीटचा कल बदलतो, आणि मान वाकून श्वास अडकायची भीती असते. पलंगावर किंवा सोफ्यावर ठेवलेली सीट उलटूही शकते. लांबच्या प्रवासात दर दोन तासांच्या आत थांबा, त्याला बाहेर काढून आडवं करा. पहिले काही आठवडे प्रवास शक्य तितका छोटा ठेवा, आणि कुणीतरी मागे त्याच्याजवळ बसा.

यावरूनच बाबागाडीकडे येते. तुझ्या यादीतल्या सीट-बाबागाडीच्या जोडसंचाची मोठी सोय अशी, की झोपलेल्या बाळाला न हलवता सीटच उचलून बाबागाडीच्या सांगाड्यावर बसवता येते. गाडीतून उतरून डॉक्टरांपर्यंत जाण्यासाठी हे उत्तम. पण संध्याकाळी तासभर फिरायला तीच सीट वापरणार असाल तर मला ते मान्य नाही, वर लिहिलेल्याच कारणासाठी. पहिले सहा महिने बाबागाडीत बाळ सपाट झोपलं पाहिजे. म्हणून पाठ पूर्ण आडवी होते का, किंवा सोबत झोपवायची परडी मिळते का, ते बघ. घडी करून छत्रीसारखी काखेत मारता येणारी हलकी गाडी बाळ आधाराशिवाय नीट बसू लागेल तेव्हा घे, तोवर थांब.

तशा घडीच्या गाडीची गोष्ट मला आवडते. ओवेन मॅक्लारेन विमानांचे अभियंता होते, लढाऊ विमानांची उतरायची चाकं त्यांनी घडवली होती. नातवंडाला घेऊन आलेल्या लेकीची जड बाबागाडीशी चाललेली झटापट त्यांनी पाहिली आणि १९६५ मध्ये ॲल्युमिनियमची घडीची गाडी तयार केली. तीन किलोहूनही हलकी होती ती.

बाबागाडी घेताना दुकानात एका हातात पिशवी धरून, दुसऱ्या हाताने ती घडी कर. घरी तुझ्या हातात बाळ असणार आहे. घडीच्या बिजागऱ्यांवर आवरण आहे का, हे बोटांनी चाचपून पाहा. २००९ मध्ये अमेरिकेत बिजागरीत मुलांच्या बोटांची टोकं कापली गेल्यामुळे सुमारे १० लाख बाबागाड्यांना आवरणं पुरवावी लागली होती. ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना एकदम लागला पाहिजे. रस्ता खडबडीत असेल तर छोटी कडक प्लास्टिकची चाकं अडतात, मोठी रबरी हवीत. लिफ्टचं दार आणि गाडीची डिकी मोजून घे. मुठीची उंची तुम्हा दोघांना जमायला हवी. मुठीवर जड पिशव्या अडकवू नका, बाळाला उचललं की गाडी मागे उलटते. सामान खालच्या जाळीत ठेवा. आणि उन्हात वरून कापड टाकून झाकू नका, आत हवा कोंडून झपाट्याने तापते. रंग, पेल्याची खाच, फोन ठेवायची जागा हे तुझ्या आवडीवर सोडते.

सीट सातव्या-आठव्या महिन्यात घेऊन लावून ठेव. बाळाऐवजी एखादी बाहुली किंवा गुंडाळलेला टॉवेल ठेवून जावयांना दोन-चार वेळा बसवायला, पट्टे आवळायला आणि काढायला लाव. दवाखान्यातून निघताना तू दमलेली असशील, ते काम त्यांनी करायचं. मला फक्त तुमच्या गाडीचं मॉडेल, मागच्या बाकाचा आणि पायाखालच्या जागेचा फोटो पाठव. त्यावरून यादीतली सीट बसेल का, नाहीतर कोणती बसेल, ते मी आणि बाबा पुस्तिका वाचून पाहतो आणि रविवारी फोनवर बोलू.

तब्येतीला जप.

तुझी,
आई